वयाप्रमाणे सावली

पनवेलला मैदानावर जुन्या गाड्या मांडल्या होत्या, त्यांत आमची गाडी होती. दोन माणसांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची विलायती गाडी. मोठ्या शिरीषाखाली गाड्यांची रांग लावली होती आणि आमची रांगेच्या उन्हातल्या टोकाला होती. रंग नवा दिला होता, आमच्या वेळच्यापेक्षा जरा गडद हिरवा. पुढे एका पाटीवर १९३८ असं लिहिलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साठ वर्षांपूर्वी आमच्या घरानं सांगितलेलं खोटं कुणीतरी इतक्या सुबक अक्षरांत रंगवून ठेवलं होतं. मला आधी हसूच आलं.

माझ्याबरोबर भाऊजी होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकुताईचे यजमान. ताई गेल्या माघात गेली. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत. मीच त्यांना ओढून आणलं होतं. कुणीतरी खुर्ची दिली, तिच्यात बसून काठीवर हनुवटी टेकवून ते गाडीकडे बघत राहिले. पाटी त्यांनी वाचली की नाही, कळायला मार्ग नव्हता. ताईच्या निधनाची बातमी पेपरात दिली तेव्हा तिचं वय त्यांनीच सांगितलं होतं, आणि ते दोन वर्षांनी कमी होतं. तेव्हा मी गप्प बसले होते. आताही गप्पच बसायचं ठरवलं.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. जुन्या तेलाचा वास, पेट्रोलचा वास, आणि त्यांच्या मागून अगदी पुसट असा सागाचा. गाडीला सागाचा वास येतो म्हटलं तर लोक हसतील. आमच्या गाडीला येतो.

आमचा बैलगाडीच्या चाकांचा कारखाना होता. तेव्हा पनवेलची चाकं घाटावर जायची, खाली महाडपर्यंत जायची. पुण्याच्या रस्त्याला लागून मोठं आवार, आवारात जुनी चिंच आणि चिंचेपलीकडे आमचं कौलारू घर. सकाळी सातला गोवऱ्यांचा जाळ पेटायचा. त्यात लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच वर पाणी ओतायचं. चर्र आवाज व्हायचा, वाफ कौलांपर्यंत जायची आणि आवळली जाणारी लाकडं कुरकुरायची. आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांना, आमच्या वेण्यांना, कधीकधी आमटीलासुद्धा तो जळक्या लाकडाचा वास असायचा. ताई म्हणायची, लग्नानंतर पहिले चार दिवस नवऱ्याला वाटेल, घरात काहीतरी करपतंय.

कारखाना आप्पांचा, माझ्या वडिलांचा. पण तिथे शब्द चालायचा धर्माचा. धर्मा विचुंब्याचा, घरी भातशेती, आणि हातात असं सुतारकाम की आप्पासुद्धा त्याला विचारून बोलत. कानावर पेन्सिल असायची. लिहिता येत नव्हतं, पण लाकडावर रेघ मारायला पेन्सिल लागते.

एकदा पावसाळ्याच्या अखेरीला पुण्याला निघालेल्या एका पारशी डॉक्टरांच्या गाडीचं दार आमच्या फाटकासमोर निखळून पडलं. डॉक्टर दार काखेत धरून आत आले. धर्मानं गाडीत डोकं घातलं, आतलं अस्तर बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, ही गाडी लाकडाची हाय. वरनं पत्रा मारलाय नुसता."

खरंच तसं होतं. त्या ऐटबाज विलायती गाड्यांचा सांगाडा तिकडच्या कसल्याशा पांढऱ्या लाकडाचा, आणि आमच्या हवेत ते लाकूड दोन पावसाळ्यांत भुसभुशीत व्हायचं. धर्मानं दाराची चौकट सागाची केली. डॉक्टरांनी मुंबईत जाऊन सांगितलं असावं, कारण त्यानंतर दर रविवारी आमच्या आवारात अशी एखादी तरी गाडी यायची. बैलगाड्यांच्या कारखान्यात या गाड्या दुरुस्त होतात याचं पनवेलकरांना फार दिवस हसू येत होतं. पुढे सवय झाली.

या मंडळींची एक गंमत होती. ती एकमेकांना नावानं हाक मारत नसत, गाडीच्या सालानं मारत. डॉक्टर म्हणजे 'बत्तीसवाले'. गिरगावातले एक वकील होते ते 'सदतीसवाले'. नवा कुणी आला की "आपली कितीची?" हा पहिला प्रश्न, नावगाव, जातपात मागाहून. माणसं आपलं वय लपवतात, हे लोक गाडीचं मिरवत. जितकी म्हातारी तितका तिचा मान. आणि मान म्हणजे आमच्याकडे काय, तर चिंचेची सावली. सर्वांत जुनी गाडी बुंध्याशी, मग वयाप्रमाणे पुढच्या, आणि सर्वांत धाकटी उन्हात. हा नियम आप्पांनी घालून दिला होता. एकदा कुणी चुकून पंचवीस सालातली गाडी घेऊन आला, तेव्हा बत्तीसवाले डॉक्टर खाता खाता उठले, हात धुतले आणि आपली गाडी स्वतः ढकलून खाली सरकवली. मला तो प्रकार तेव्हाही वेडेपणाचा वाटत होता. आता तितका वाटत नाही.

मग आप्पांचीही गाडी आली. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मिठाच्या खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. आप्पा त्याची विकायला काढलेली गाडी नुसती बघायला गेले होते. बॉनेट उघडलं, आत पितळेच्या छोट्या पाटीवर गाडीचा नंबर आणि साल होतं ते वाचलं, आणि घासाघीस न करता हो म्हणाले. साल छत्तीस होतं. शकुताईचा जन्म छत्तीसचा.

तेव्हापासून आप्पा 'छत्तीसवाले' झाले. गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून जो भेटेल त्याला सांगायचे, "ही आणि आमची शकू एका सालातल्या." पनवेलच्या बाजारात, उरणच्या वाटेवर, गव्हाणच्या मिठागरांवर सगळ्यांना ते पाठ झालं होतं. दसऱ्याला गाडीच्या तारांच्या चाकांत झेंडू ओवायचे आणि कुंकू ताईनं लावायचं. गाडीचा सांगाडा सागाचा करून देणारा धर्मा त्या चाकांना सायकलीची चाकं म्हणायचा, पण झेंडू ओवायला तोच असायचा. थंडीत चार-पाच गाड्या मिळून कर्नाळ्याला जायच्या. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका समोर दिसत असायचा, स्टोव्हवर चहा उकळत असायचा, आणि मोठी माणसं कुठली गाडी कुठल्या साली कुणी कुणाकडून घेतली यावर तासन्‌तास बोलायची. ताई आप्पांच्या शेजारच्या सीटवर बसायची. मी वकिलांच्या गाडीत. याचा मला राग यायचा, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

ताई बावीस वर्षांची झाली तेव्हा तिची तीन स्थळं येऊन गेली होती. चौथं पुण्याचं आलं. मुलगा इंजिनियर, घर चांगलं, हुंड्याचं नाव नाही. मुलाच्या आईची एकच अट होती: मुलगी मुलापेक्षा मोठी नको. आणि ताई त्या मुलापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी निघत होती.

आईनं एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ताईचं वय दोन वर्षांनी उतरवलं. त्या काळी हे फारसं कुणी पाप मानत नसे. मग लक्षात आलं की मी ताईहून दोनच वर्षांनी लहान, म्हणजे दोघी एका सालातल्या होणार. तेव्हा माझंही वय दोन वर्षांनी उतरलं. पत्रिका पुरात गेली असं सांगायचं ठरलं. सगळं जमलं आणि आईचा हात सुपातच थांबला.

"अहो," ती आप्पांना म्हणाली, "गाडीचं काय?"

साऱ्या गावाला पाठ होतं ना! बाजारात कुणालाही विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, गाडीच्या सालातली मुलगी. त्यात मुलाचे मामा स्वतः अशाच गाडीचे मालक, 'चौतीसवाले'. बघायला ते मुलाला आपल्या गाडीतून घेऊन येणार होते.

ताई म्हणाली, "मी बावीसची आहे, बावीसचीच सांगा. नसेल पटत तर नको." आई म्हणाली, "तुझं काय जातंय बोलायला." आप्पा दोन दिवस आवारात फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी धर्माकडून गाडीची पितळी पाटी काढून घेतली आणि तशीच कोरी पाटी कापून माझ्या हातात दिली. सोबत कागदावर नंबर आणि साल, १९३८. भांड्यांवर नावं घालणाऱ्या कासाराकडे जायचं आणि कुणाशी बोलायचं नाही.

बाजारात त्याच्या दुकानासमोर मी तासभर उभी होते. टकटक करत तो एकेक ठिपका उमटवत होता, तांब्या-पातेल्यांवर उमटवतो तसाच. पाटी कागदात गुंडाळून आणली आणि घरी सोडून पाहिली, तर आकडे बरोबर होते, पण वर मधोमध 'श्री' होतं. त्यानं विचारलंच नव्हतं. भांड्यावर आधी श्री काढायचं, मग नाव. त्याच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. मला रडू फुटलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते.

आप्पांनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "असू दे," म्हणाले, "श्री आहे, चांगलंच आहे." धर्मानं ती ठोकून बसवली आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "आप्पा, लाकूड खोटं बोलत नाय. मानसं बोलतात."

दुसरा दिवस रविवारचा. डॉक्टर आणि वकील नेहमीप्रमाणे पुण्याकडे जाताना थांबले होते. त्यांना आधी सांगून ठेवायचं आप्पांना धैर्य झालं नव्हतं. मुलाचे आईवडील एस.टी.नं येऊन ओटीवर बसले. मागून मामांची गाडी आली. मामा आणि मुलगा, दोघांनी धुळीसाठी मोठाले गॉगल लावलेले. मुलानं गॉगल काढला तर चेहरा लाल धुळीचा आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. खिडकीतून ताई बघत होती. "घुबड," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून इतकी हसली की मला तिला चिमटा काढावा लागला. मग तो नळावर तोंड धुवायला लागला आणि ती हसायची थांबली. बघत राहिली. "मी बावीसची आहे" हे वाक्य तिनं त्या दिवशी काढलं नाही, आणि पुढे कधीच काढलं नाही.

मुलाची आई हुशार बाई. चहाला हात लावायच्या आधी भावाला म्हणाल्या, "दादा, त्यांची गाडी बघून ये ना जरा. तुला आवड आहे."

मामांनी बॉनेट उघडलं. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांच्यासारख्या माणसाला पाटी वाचायचीसुद्धा गरज नव्हती. दिव्यांवरून, नुसत्या आवाजावरून त्यांना साल कळलं असतं. वर तो श्री.

"वा, श्री काढलंय!" ते म्हणाले. मग मान वर करून, ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अडतीस."

सालासाठी सख्ख्या भावाशी भांडतील अशी ती माणसं. त्यांतल्या एकानं चुकीचं साल मोठ्यानं उच्चारलेलं मी ऐकलं. डॉक्टरांचा वडा हातातच राहिला.

सगळं निभावलं असतं. पण मुलाच्या आई वकिलांकडे वळल्या. "आणि तुमची कितीची हो?"

"सदतीसची," वकील सवयीनं बोलून गेले.

"मग तुमची उन्हात आणि यांची सावलीत कशी? दादा तर सांगत होता, इथे वयाप्रमाणे सावली मिळते."

सगळं बदललं होतं, पाटी, साल, माझंही वय. पण आप्पांनी गाडी मात्र दहा वर्षांच्या सवयीनं तिच्या जागेवर लावली होती. तेवढं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आप्पा उठले. "चूक झाली," ते म्हणाले. "घरची गाडी म्हणून सकाळी सावलीत लावली. धर्मा, चल, काढू उन्हात."

धर्मा आला, आप्पांनी कोट काढून हात लावला, आणि डॉक्टर आणि वकीलही न सांगता उठून आले. चौघांनी मिळून गाडी सावलीतून बाहेर ढकलली. वकिलांची गाडी वर सरकली. वकील असे खाली मान घालून उभे होते, जणू त्यांनी कुणाची जागा बळकावली होती.

त्याच आठवड्यात होकार आला. आषाढाच्या आत लग्न झालं.

त्यानंतर आमच्या आवारात आमचीच गाडी उन्हात उभी राहायला लागली. रविवार गेला की आत घ्यायला काय हरकत होती, पण आप्पांनी कधी घेतली नाही. कोण कधी पुण्याहून येईल सांगता येत नाही, म्हणायचे. रंग विटला, कॅनव्हासच्या छपराला भेगा गेल्या. मामांचं दिवाळीचं पत्र यायचं त्यावर 'अडतीसवाले आप्पासाहेब यांस' असं असायचं. आप्पा ते वाचून घडी घालून ठेवायचे. भर दुपारी ते बाहेर जाऊन बॉनेटवर हात ठेवायचे आणि चटका बसला की काढायचे. मला त्यांची दया यायची. मी बोलले मात्र कधी नाही.

पुढे बैलगाड्यांना रबराची चाकं आली, धावांचा जाळ थंड झाला. आप्पांनी गाडी विकली नाही, धर्माला दिली. त्यानं ती बैलांनी ओढत विचुंब्याला नेली आणि गोठ्यात पेंढ्याखाली ठेवली. मग आप्पा गेले, धर्मा गेला, विचुंब्यात इमारती उभ्या राहिल्या. चिंच रस्तारुंदीत गेली. ताई तिकडे पुण्यात दर वाढदिवसाला दोन वर्षं वजा करत म्हातारी झाली. कधी तिच्या तोंडून खरा आकडा निसटला नाही. फोनवर माझ्याशी बोलतानासुद्धा भाऊजी जवळपास असले की ती जपून बोलायची.

"आजी, जरा एक विचारायचं होतं."

धर्माचा नातू समोर उभा होता. बिल्डर झालाय; गाडी त्यानंच नीट करून घेतली आणि आम्हाला बोलावणंही त्याचंच. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सीट काढली ना, तर खाली सागाच्या फळीला ही ठोकलेली सापडली. आमच्या आज्याचं काम दिसतंय." त्यानं रुमाल सोडला. काळी पडलेली पितळी पाटी. नंबर आणि साल. १९३६. "बॉनेटमध्ये श्रीवाली आहे तिच्यावर अडतीस आहे. आता खरं काय लिहू? तुमच्या घरची गाडी, तुम्ही सांगाल तसं."

साठ वर्षं सांभाळलेली गोष्ट, आणि भाऊजी दोन हातांवर बसलेले. मी म्हणाले, "राहू दे रे, अडतीसच राहू दे."

"छत्तीस कर," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मेव्हणीबाई, मामांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, परत जाताना. म्हणाले, मुलगी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी आहे आणि गाडी छत्तीसची आहे. दोन्ही उत्तम आहेत. घाट लागायच्या आत काय ते ठरव."

"मग?"

"मग काय, खोपोलीच्या आधीच ठरलं."

"आणि ताईला तुम्ही कधीच..."

"सांगणार होतो. पण ती इतकं जपायची! आपल्यासाठी कुणी इतकं जपतंय म्हटल्यावर सांगवेना. ती खरी साठ वर्षांची झाली ना, त्या दिवशी मी तिला पैठणी आणली. हे काय मध्येच, म्हणाली. मी म्हटलं, सेल होता."

ती जांभळी पैठणी मला माहीत होती. सेलमध्ये कधी अशी मिळते का, असं ताई मला दहा वेळा म्हणाली होती. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तिथे, त्या गर्दीत, फार वाईट वाटलं. तिचंही आणि यांचंही.

नातवानं रंगाचा डबा मागवून गाडीपुढच्या पाटीवरच्या आठाचा सहा केला. मग रांगेकडे पाहून म्हणाला, "आज्या सांगायचा, जुनी गाडी सावलीत. आता ही दोन नंबर वर जाणार." त्यानं चार पोरांना हाक मारली.

भाऊजी काठी माझ्या हातात देऊन उठले. पोरं ढकलत होती, आणि ते मडगार्डवर हात ठेवून गाडीबरोबर चालत होते, लहान लहान पावलं टाकत. गाडी शिरीषाखाली येऊन थांबली. त्यांनी हात काढला नाही.

"फार वर्षं उन्हात होती," ते म्हणाले.